डिस्चार्जनंतरही वसुलीची पत्रं येतात तेव्हा

चॅप्टर सेव्हनची, म्हणजे अमेरिकेतल्या दिवाळखोरीची, केस संपते, डिस्चार्जची, म्हणजे देणी माफ झाल्याची, ऑर्डर येते, आणि तरी जुन्या क्रेडिट कार्डाचं पत्र पुन्हा मेलबॉक्समध्ये दिसतं. अशा वेळी आपल्या मराठी घरांत दोनपैकी एक गोष्ट होताना मी पाहते. एक तर ते पाकीट न उघडताच ड्रॉवरच्या तळाशी जातं. नाहीतर मुलं झोपल्यावर नवरा-बायको ठरवतात, ‘जाऊ दे, देऊन टाकू थोडे पैसे, पुन्हा ती कटकट नको.’ मला दोन्हीची काळजी वाटते. न उघडलेल्या पाकिटात कधी कधी कोर्टाचं समन्स असतं. आणि ज्या पैशांवर कुणाचा हक्क उरलेला नाही ते घरखर्चातून काढून द्यायचं काहीच कारण नाही.

मी न्यू जर्सीत एका बँकरप्सी वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल आहे. वकील नाही, त्यामुळे तुमच्या केसबद्दल कायदेशीर सल्ला मी देऊ शकत नाही. पण शेड्यूल भरणं, कागद लावणं आणि डिस्चार्जनंतर लोक पिशवीत भरून आणतात ती पत्रं एकेक उघडून त्यांची वाटणी करणं हे माझं रोजचं काम आहे. ही वाटणी घरी बसून कशी करायची ते इथे सांगते. कायदा फेडरल आहे, त्यामुळे तुम्ही टेक्सासात असा की कॅलिफोर्नियात, मुख्य गोष्टी त्याच. जिथे फक्त न्यू जर्सीचं काही असेल तिथे तसं म्हणेन.

पत्र वाचण्याआधी चार कागद शोधा

पहिला कागद डिस्चार्जची ऑर्डर. दोन पानांची असते, वर तुमचं नाव आणि केस नंबर असतो. त्याखालचा मजकूर बहुतेक लोक वाचतच नाहीत, आणि कामाचा तोच आहे. तिथे सोप्या इंग्रजीत लिहिलेलं असतं, की माफ झालेलं देणं तुमच्याकडून वैयक्तिकरीत्या वसूल करण्याचा कुणीही, कसलाही प्रयत्न करायचा नाही. ऑर्डर मोडणाऱ्याला नुकसानभरपाई आणि वकिलाची फी भरावी लागू शकते. पत्र लिहिणं, फोन करणं, खटला भरणं, पगारातून पैसे कापणं, सगळं त्यात आलं. एकदा तो मजकूर शांतपणे वाचा. तो कोर्टाने तुमच्यासाठी लिहिलेला आहे.

पण त्या ऑर्डरमध्ये कुठल्याही बँकेचं नाव नसतं. म्हणून बाकीचे तीन कागद लागतात. अर्जाचं पहिलं पान, ज्यावर केस दाखल झाल्याची तारीख आहे. शेड्यूल डी आणि ई-एफ, ज्यांत कुणाचं किती देणं होतं त्याची यादी आहे. आणि चौथा कागद, जो घरी जवळजवळ कुणाकडेच नसतो: बँकरप्सी नोटिसिंग सेंटरचं सर्टिफिकेट ऑफ नोटिस. डिस्चार्जची ऑर्डर कोर्टाकडून कुणाकुणाला, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारखेला गेली ते त्यावर छापलेलं असतं. ‘आम्हाला तर काही कळलंच नाही’ असं म्हणणाऱ्या कंपनीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

हे कागद तुमच्या वकिलाच्या ऑफिसात मिळतील. तिथून लवकर उत्तर येत नसेल तर कोर्टाच्या पेसर या संकेतस्थळावर स्वतः खातं उघडा. एका पानाला १० सेंट पडतात, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ होतं. म्हणजे हे चारही कागद बहुतेक फुकटच मिळतात. कुणी पत्र पाठवून ‘तुमच्या डिस्चार्जची प्रत आम्ही मिळवून देतो, एवढी फी भरा’ म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता पत्र उघडा आणि देणं कधीचं आहे ते बघा

पत्र कोणत्या तारखेचं आहे याला फारसं महत्त्व नाही. देणं कधी तयार झालं, ते महत्त्वाचं. चॅप्टर सेव्हनमध्ये रेघ ओढली जाते ती केस दाखल केल्याच्या तारखेला. डिस्चार्ज मिळाल्याची तारीख ही ती रेघ नव्हे. या दोन तारखांमध्ये साधारण चार महिन्यांचं अंतर असतं, आणि सगळा घोळ त्याच काळातल्या बिलांचा होतो.

समजा केस मार्चमध्ये दाखल झाली. फेब्रुवारीत इमर्जन्सी रूममध्ये गेला होतात, त्याचं बिल ऑगस्टमध्ये आलं, तर ते देणं मार्चच्या आधीचं, म्हणून माफ. एप्रिलमध्ये काढलेल्या एमआरआयचं बिल मात्र तुमचंच, ते भरायला हवं. हॉस्पिटलच्या बिलांत हे नीट पाहावं लागतं, कारण एकाच भेटीची तीन-चार बिलं वेगवेगळ्या नावांनी येतात: हॉस्पिटलचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या ग्रुपचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं. त्यामुळे पत्रावरची बिलिंगची तारीख सोडून द्या आणि उपचारांची तारीख शोधा. ती छापलेली नसेल तर लेखी मागा.

आणि हो, एखादं देणं शेड्यूलमध्ये लिहायचं राहून गेलं असेल तर लगेच घाबरू नका. ज्या चॅप्टर सेव्हन केसमध्ये क्रेडिटरना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, वाटायला काही मालमत्ताच नव्हती, आणि आपल्याकडच्या बहुतेक केस तशाच असतात, तिथे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर ज्याखाली येतात त्या थर्ड सर्किट कोर्टाने १९९६ मध्येच ‘जड विरुद्ध वुल्फ’ या निकालात सांगितलं आहे, की यादीत नसलेलं साधं देणंही माफ होतं, त्यासाठी केस पुन्हा उघडायची गरज नाही. फसवणुकीसारखे आरोप असलेली देणी याला अपवाद. इतर राज्यांत नियम थोडा बदलू शकतो, तिथल्या वकिलाला विचारा.

काही पत्रं बेकायदा नसतात

हा भाग मी मुद्दाम आधी घेते, कारण ‘डिस्चार्ज झालाय, आता कुणी पत्रच पाठवू शकत नाही’ अशा समजुतीने लोकांनी घरं आणि गाड्या गमावल्या आहेत.

घराचं कर्ज घ्या. डिस्चार्जने तुमची वैयक्तिक जबाबदारी जाते, पण घरावरचा बोजा जात नाही. म्हणजे हप्ता थांबला तर बँक तुमच्या पगाराला हात लावू शकत नाही, पण घर मात्र लिलावात काढू शकते. म्हणून घर ठेवलं असेल तर मासिक स्टेटमेंट येणारच, आणि कायदा ते पाठवू देतो. त्यावर बहुधा एक ओळ छापलेली असते: तुम्हाला बँकरप्सीत डिस्चार्ज मिळाला असेल तर हे फक्त माहितीसाठी आहे, वसुलीचा प्रयत्न नाही. ती ओळ वाचून पत्र फेकू नका. घर हवं असेल तर हप्ता भरा. गाडीचं तसंच. गाडी ठेवली आणि हप्ता चुकला, तर बाकीचे पैसे मागता येणार नाहीत, पण एक दिवस सकाळी ड्राइव्हवेमधून गाडीच उचलून नेतील. आणि केस चालू असताना तुम्ही रीअफर्मेशन ॲग्रीमेंटवर सही केली असेल, तर त्या कर्जाची जबाबदारी पूर्णपणे तुमच्यावर परत आली आहे. ती सही केली होती का हे आठवत नसेल तर पेसरवर केसच्या नोंदींत दिसेल.

टाउनहाऊस किंवा काँडो असलेल्या आपल्या लोकांना सगळ्यात जास्त फटका बसतो तो असोसिएशनच्या महिन्याच्या फीचा. एक कुटुंब मला आठवतं. त्यांनी काँडो सोडायचं ठरवलं, चाव्या दिल्या, भाड्याच्या घरात गेले, आणि समजले की आता आपला संबंध संपला. बँकेने मात्र लिलाव लवकर केलाच नाही. कागदोपत्री मालकी यांचीच राहिली आणि केस दाखल झाल्यानंतरच्या प्रत्येक महिन्याची फी यांच्या नावावर चढत गेली. कायद्यात तसं स्पष्ट आहे: केसनंतरची असोसिएशनची फी, जोवर मालकी तुमच्याकडे आहे तोवर, तुमचीच. घर सोडणार असाल तर मालकी कुठल्या तारखेला हलली याचा कागद मिळेपर्यंत या पत्रांकडे लक्ष ठेवा.

पोटगी, मुलांचा सपोर्ट, अलीकडच्या वर्षांचा इन्कम टॅक्स, आणि वेगळा दावा लावून माफ करून घेतलं नसेल तर विद्यार्थी कर्ज, ही देणी डिस्चार्जनंतरही उरतात. त्यांच्या पत्रांना वेळेत उत्तर द्या.

मग सहीदार. तुमच्या कर्जावर भावाने किंवा मेहुण्याने को-साइन केलं असेल, तर तुमचा डिस्चार्ज त्याचा बचाव करत नाही. क्रेडिटर त्याच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकतो, तेही कायदेशीरपणे. हे त्याला तुमच्या तोंडून आधी कळू दे. पत्र थेट त्याच्या घरी गेल्यावर नात्यांमध्ये जे होतं ते मी पाहिलं आहे, आणि ते कर्जापेक्षा जास्त काळ टिकतं.

शेवटचं, जानेवारी-फेब्रुवारीत येणारा १०९९-सी नावाचा फॉर्म. एखाद्या बँकेने ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त देणं सोडून दिलं की हा फॉर्म निघतो, आणि तीच रक्कम तुमचं उत्पन्न म्हणून आयआरएसला कळवली जाते. तो पाहून लोकांचा थरकाप होतो: माफ झालेल्या १८ हजारांवर आता टॅक्स? नाही. बँकरप्सीत माफ झालेलं देणं उत्पन्नात धरत नाहीत. पण ते आपण सांगावं लागतं. टॅक्स रिटर्नबरोबर फॉर्म ९८२ जोडा, त्यातल्या पहिल्याच ओळीत बँकरप्सीची चौकट आहे, ती भरा. तुमच्या सीपीएला डिस्चार्जची ऑर्डर दाखवा. हा फॉर्म कचऱ्यात टाकलात तर वर्ष-दीड वर्षाने आयआरएसची नोटीस येईल, आणि ती निस्तरायला जास्त वेळ लागतो.

खरी नको असलेली पत्रं

आता उरली ती क्रेडिट कार्डांची, पर्सनल लोनची, जुन्या हॉस्पिटल बिलांची पत्रं, जी माफ झालेलं देणंच पुन्हा मागतात.

डिस्चार्जनंतर पहिल्या काही आठवड्यांत आलेल्या एखाद्या पत्राचा फार त्रास करून घेऊ नका. मोठ्या कंपन्यांची पत्रं आपोआप निघतात, आणि कोर्टाची नोटीस त्यांच्या योग्य विभागात पोचायला वेळ लागतो. पत्र पाकिटासकट ठेवा. पाकीट टाकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा आहे.

त्यानंतरही पत्र आलं, किंवा कधीही न ऐकलेल्या कंपनीकडून आलं, तर उत्तर द्यायचं. न ऐकलेली कंपनी म्हणजे बहुधा डेट बायर. जुनी बुडीत खाती बँका गठ्ठ्याने विकतात, ती पुढे आणखी विकली जातात, आणि या प्रवासात ‘या माणसाला डिस्चार्ज मिळाला आहे’ ही माहिती कुठेतरी गळते. खातं कितीही हातांतून गेलं तरी डिस्चार्ज त्याच्याबरोबर जातो. नवा मालक आला म्हणून देणं नवं होत नाही.

फोन करू नका. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि तरी लोक करतात, कारण आपल्याला वाटतं समोरच्याला नीट समजावून सांगितलं की तो ऐकेल. फोनवरच्या माणसाचं काम ऐकणं नाही. तो विचारतो, ‘आज २५ डॉलर भरता येतील का?’, आपण गडबडतो, कार्डाचा नंबर देऊन बसतो. त्यातलं काहीही लेखी राहत नाही. त्यापेक्षा एक पानाचं पत्र लिहा. ते अर्थात इंग्रजीत लिहायचं. मजकूर असा असू द्या:

‘माझं नाव अमुक. मी अमुक तारखेला युनायटेड स्टेट्स बँकरप्सी कोर्ट, डिस्ट्रिक्ट ऑफ न्यू जर्सी इथे चॅप्टर सेव्हनखाली केस दाखल केली. केस नंबर अमुक. कोर्टाने अमुक तारखेला मला डिस्चार्ज दिला असून ऑर्डरची प्रत सोबत आहे. तुमच्या अमुक तारखेच्या पत्रातलं, शेवटचे चार आकडे अमुक असलेलं खातं केसच्या आधीचं आहे आणि ते या डिस्चार्जमध्ये येतं. बँकरप्सी कोडच्या कलम ५२४ नुसार हे देणं माझ्याकडून वसूल करण्याचा कोणताही प्रयत्न करण्यास मनाई आहे. वसुली ताबडतोब थांबवा, तुमच्या नोंदी आणि क्रेडिट ब्युरोंना दिलेली माहिती दुरुस्त करा, हे खातं कुणाला विकलं किंवा सोपवलं असेल तर त्यांनाही कळवा, आणि हे केल्याचं मला लेखी कळवा.’

एवढंच. नोकरी कशी गेली, आजारपण कसं आलं, हे लिहू नका. मला अशी दोन-दोन पानांची पत्रं लोक दाखवतात, आणि वाचताना वाईट वाटतं. पण त्या कंपनीला तुमची कैफियत ऐकायचा हक्क नाही आणि तुमच्यावर ती मांडायचं बंधन नाही. माफी मागू नका. ‘जमेल तेव्हा देईन’ असं तर चुकूनही लिहू नका. सोशल सिक्युरिटीचा पूर्ण नंबर, बँक खातं, ऑफिसचा पत्ता यांतलं काही देऊ नका. सोबत ऑर्डरची दोन्ही पानं, आणि ज्या पानावर त्या क्रेडिटरचं नाव आहे तेवढं शेड्यूलचं पान.

पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसह पाठवा. पोच आल्यावर ते हिरवं कार्ड तुमच्या प्रतीला स्टेपल करा. एका कोऱ्या कागदावर किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवा: कोणत्या तारखेला कुणाचं पत्र, कुणाचा फोन, तो काय म्हणाला, त्या दिवशी काय परिणाम झाला. झोप लागली नाही, डॉक्टरांकडे जावं लागलं, रजा घ्यावी लागली, हेही लिहा. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न आला तर वकील हेच मागतात.

माझ्या अनुभवात या एका पत्राने बहुतेक कंपन्या थांबतात. त्यांच्या वकिलांना हा कायदा नीट ठाऊक असतो.

काही पत्रं वसुलीची वाटतच नाहीत, म्हणून ती वेगळी सांगते. ‘तुमच्या खात्यावर खास सवलत, फक्त ४० टक्के भरा आणि मोकळे व्हा’ असं डेट बायरचं पत्र येतं. माफ झालेल्या देण्यावर सवलत कसली? उत्तर तेच, वरचं पत्र. दुसरा प्रकार नव्या क्रेडिट कार्डाच्या ऑफरचा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की कार्ड घेतलंत तर अमुक जुन्या खात्याची बाकी या नव्या कार्डावर येईल. डिस्चार्जनंतर क्रेडिट सुधारायची घाई असते, त्या घाईत लोक सही करतात आणि गेलेलं देणं नव्या नावाने स्वतःच घरात आणतात. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. तुम्हाला कार्ड हवंच असेल तर स्थानिक क्रेडिट युनियनचं सिक्युअर्ड, म्हणजे आधी ठेव ठेवून मिळणारं, कार्ड बरं. आणि ‘आज पैसे भरले नाहीत तर पोलीस येतील’ असा फोन आला तर तो निव्वळ भामटा. कोर्ट फोन करून पैसे मागत नाही, आणि क्रेडिट कार्डाच्या देण्यासाठी इथे कुणाला तुरुंगात टाकत नाहीत.

समन्स आलं तर

पाकिटावर ‘सुपीरिअर कोर्ट ऑफ न्यू जर्सी’, ‘स्पेशल सिव्हिल पार्ट’ असे शब्द दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवा. २० हजार डॉलरपर्यंतचे वसुलीचे दावे तिथे चालतात. उत्तर द्यायला साधारण ३५ दिवस असतात, शेवटची तारीख समन्सवरच छापलेली असते. ‘माझा डिस्चार्ज झालाय, मी का जाऊ’ असं म्हणून गप्प बसू नका. राज्याच्या कोर्टाला तुमच्या बँकरप्सीची आपोआप कल्पना नसते. लेखी उत्तर दाखल करा, त्यात ‘डिस्चार्ज्ड इन बँकरप्सी’ हा बचाव लिहा, ऑर्डर जोडा, आणि एक प्रत समोरच्या वकिलाला पाठवा. बऱ्याचदा दावा तिथेच मागे घेतला जातो. तुमच्या नकळत निकाल लागलाच असेल, तरी माफ झालेल्या देण्यावर वैयक्तिक जबाबदारी टाकणारा निकाल कलम ५२४ नुसार रद्दबातल असतो. पण तो कागदावर आहे तोवर त्याच्या जोरावर कुणीतरी तुमचं बँक खातं गोठवायला जाईल, आणि मग धावपळ तुमचीच होईल. त्यापेक्षा ३५ दिवसांत एक कागद दाखल करणं सोपं.

केसच्या आधीच लागलेले निकाल ही वेगळी गोष्ट. त्या निकालाने तुमच्या घरावर बोजा चढला असेल तर डिस्चार्जने तो आपोआप उतरत नाही. न्यू जर्सीत डिस्चार्ज मिळून एक वर्ष झालं, की ज्या कोर्टात निकाल नोंदला आहे तिथे अर्ज करून तो रद्द करून घेता येतो. घर विकताना किंवा रीफायनान्स करताना टायटल सर्चमध्ये हा निकाल डोकं वर काढतो, आणि क्लोजिंगच्या आठवड्यात मला फोन येतात. वर्ष पूर्ण झालं की हे काम उरकून टाका.

पत्र लिहूनही थांबले नाहीत

मग वकिलाकडे जायचं. इथे दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. डिस्चार्ज मोडल्याची तक्रार करण्यासाठी बंद झालेली केस पुन्हा उघडायची असेल तर कोर्ट त्यासाठी फी घेत नाही. पुष्कळ लोक या फीच्या भीतीनेच गप्प बसतात. आणि ‘टॅगार्ट विरुद्ध लॉरेन्झन’ या २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं आहे, की आपण केलं ते ऑर्डरमध्ये बसत होतं असं मानायला क्रेडिटरकडे कुठलाच रास्त आधार नसेल, तर कोर्टाचा अवमान केल्याबद्दल त्याला दंड होऊ शकतो. सर्टिफाइड मेलने ऑर्डरची प्रत पोचल्यावर असा आधार दाखवणं फार अवघड होतं. तुमचं ते एक पानाचं पत्र आणि हिरवं कार्ड इथे वकिलाच्या उपयोगी पडतं.

मूळ बँकेऐवजी वसुली करणारी तिसरीच कंपनी असेल तर फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट हा १९७७ चा कायदाही आहे. त्यात प्रत्यक्ष नुकसानीशिवाय १,००० डॉलरपर्यंत रक्कम आणि वकिलाची फी मिळू शकते, पण मुदत एका वर्षाचीच आहे. समोरच्याकडून फी मिळण्याची सोय असल्याने काही वकील अशा केस तुमच्याकडून पैसे न घेता घेतात. विचारा, लाजू नका.

एवढ्यातच क्रेडिट रिपोर्टही काढा. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांचे रिपोर्ट सरकारमान्य संकेतस्थळावर दर आठवड्याला फुकट मिळतात. माफ झालेल्या प्रत्येक खात्यापुढे बाकी शून्य आणि बँकरप्सीत समाविष्ट असल्याची नोंद हवी. ‘चार्ज्ड ऑफ, बाकी अमुक डॉलर’ असं दिसलं तर त्या ब्युरोला ऑर्डरच्या प्रतीसह डिस्प्यूट पाठवा. त्यांना साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो. जिथे बाकी शून्य झालेली नाही तिथूनच पुढच्या डेट बायरचं पत्र येतं, म्हणून हे काम टाळू नका. बँकरप्सीची नोंद स्वतः १० वर्षं राहते. त्यावर काही करता येत नाही, आणि कोणी ‘आम्ही काढून देतो’ म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.

नात्यातले पैसे आणि भारतातली पत्रं

मामांकडून, मित्राकडून घेतलेले हातउसने पैसेही कायद्याने यादीत लिहावे लागतात आणि डिस्चार्जमध्ये तेही माफ होतात. त्याचा सल लोकांना बँकेच्या कर्जापेक्षा जास्त असतो, आणि मला त्यांचं मन समजतं. कायदा इथे आडवा येत नाही: डिस्चार्ज झाल्यावर स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नव्या कमाईतून कुणाचेही पैसे फेडायला पूर्ण मोकळीक आहे. फक्त ते तुमच्या सवडीने द्या. तसं पत्र कुणी पाठवलं म्हणून, धमकी दिली म्हणून देऊ नका. मनात परतफेडीची ओढ असेल तर ती मामांच्या पैशांवर खर्च करा, डेट बायरवर नको.

भारतातल्या बँकेचं कर्ज मात्र वेगळ्याच वाटेने जातं. शिक्षणाचं किंवा पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज तिथल्या बँकेचं, वडील सहकर्जदार किंवा जामीनदार, आणि पत्रं त्यांच्या घरी. इथल्या शेड्यूलमध्ये ते कर्ज लिहिलेलं असलं, तरी भारतातल्या कोर्टाने अमेरिकेचा डिस्चार्ज आपोआप मानावा अशी सोय नाही. आणि वडिलांची जबाबदारी तर सुटतच नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला असतो. त्यामुळे अमेरिकेतल्या ऑर्डरची प्रत त्यांच्या हातात देऊन ‘हे दाखवा, ते निघून जातील’ असं सांगू नका. त्याऐवजी बँकेशी पत्रव्यवहार स्वतःकडे घ्या, ईमेलवर. आईवडिलांना एवढं सांगा, की वसुली एजंटला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, शिवीगाळ आणि शेजाऱ्यांसमोर तमाशा करायला तर आहेच. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि दाराशी आलेल्या माणसाच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, ‘नुसतं पत्र मिळाल्याची पोच आहे’ असं तो म्हणाला तरी. मुदत संपत आलेल्या जुन्या कर्जाची लेखी कबुली दिली, की मुदत कायद्याप्रमाणे वसुलीची मुदत त्या दिवसापासून पुन्हा नव्याने सुरू होते. आधी कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, तिथल्या एखाद्या वकिलाला दाखवा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत एजंटला थांबायला सांगा.